फुगा उतरतो कुणाच्या शेतात?

जानेवारीत घरच्या चार जणांना हौस म्हणून कामशेतला हॉट एअर बलूनमध्ये बसवायला घेऊन गेलो. मी स्वतः बसलो नाही. एक तर पाच आकडी तिकीट, दुसरं म्हणजे गच्चीच्या कठड्यापाशी सुद्धा माझे पाय लटपटतात. मग मागून जी जीप जाते, फुगा उतरेल तिथून माणसं आणि सामान गोळा करायला, त्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसलो. आणि खरं सांगतो, वर गेलेल्यांपेक्षा मलाच जास्त बघायला मिळालं.

वरचं वर्णन मी ऐकीव सांगू शकतो. धुक्यातून वर आलेले लोहगड-विसापूर, पलीकडे तुंग आणि तिकोना, पवनेचं पाणी, एक्स्प्रेस वेवरच्या मुंग्यांएवढ्या गाड्या. फोटो सगळ्यांनी टाकलेत, छानच आहेत. खालची गोष्ट अशी की पाऊण तासाने फुगा एका हरभऱ्याच्या वावरात उतरला. मावळात भात निघालं की उरलेल्या ओलीवर लोक हरभरा, वाल, मसूर टाकतात, त्यातलंच एक. टोपली बांधावर आपटून आडवी झाली, दहा-पंधरा फूट घसरली, मग पंधरा-वीस माणसं त्या वावरातून चालत बाहेर आली, आणि मग भलंमोठं कापड सबंध रानभर पसरून त्यातली हवा काढायचं काम सुरू झालं.

तेवढ्यात मालक आले. साठीच्या पुढचे, डोक्याला टोपी, हातात दातवण. भांडले नाहीत. जीपवाल्या पोराने खिशातून काही नोटा काढून दिल्या, त्या त्यांनी मोजल्या सुद्धा नाहीत. मी उगाच अपराधी वाटून म्हटलं, "बाबा, नुकसान बरंच झालं का?" तर म्हणाले, "हरभऱ्याचं काय, पुन्हा फुटंल. पण पाव्हणं, वरनं जायला आमची ना न्हाय. खाली यायला इचारायचं का न्हाय?"

हे वाक्य डोक्यात बसलं. घरी येऊन फुग्यांचा इतिहास पुन्हा वाचायला घेतला, आणि लक्षात आलं की हा प्रश्न फुग्याइतकाच जुना आहे. आपण तो इतिहास नेहमी वर गेलेल्या माणसाच्या बाजूने वाचतो. कोण पहिला, किती उंच, किती लांब. फुगा जिथे उतरला तिथल्या माणसाचं त्यात नाव नसतं.

सुरुवातच बघा. २७ ऑगस्ट १७८३. पॅरिसमध्ये जाक शार्ल या शास्त्रज्ञाने हायड्रोजन भरलेला पहिला फुगा सोडला. माणूस नव्हता त्यात, नुसता रेशमी कापडाचा, रबराचा लेप दिलेला गोळा. प्रचंड गर्दी, जयजयकार. पाऊण तासाने तो पंधरा-वीस किलोमीटरवरच्या गोनेस नावाच्या खेड्यात पडला. तिथल्या शेतकऱ्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. आभाळातून एक हलणारं, फुसफुसणारं, घाण वासाचं धूड पडलंय म्हटल्यावर त्यांनी जे करायचं तेच केलं. गवत उचलायचे काटे घेऊन त्याला भोसकलं आणि घोड्याच्या शेपटीला बांधून गावभर फरफटवलं. या प्रसंगाची चित्रं निघाली, पॅरिसचे लोक अडाणी खेडुतांना हसले. पण एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. काही दिवसांतच फ्रेंच सरकारने जनतेसाठी एक जाहीर सूचना काढली, की असे गोळे आभाळात दिसतील, चंद्र काळवंडल्यासारखं दिसेल, घाबरू नका, ते कापडाचं यंत्र आहे. म्हणजे पहिला माणूस उडायच्या आधी (तो उडाला २१ नोव्हेंबरला, गरम हवेच्या फुग्यातून) सरकारला कळलं होतं की खाली राहणाऱ्याला सांगावं लागतं.

आपल्याकडे ते कळायला वेळ लागला. १८८९ च्या सुरुवातीला पर्सिव्हल स्पेन्सर नावाचा इंग्रज मुंबईत आला, फुग्यातून वर जाऊन पॅराशूटने उडी मारायचा खेळ करून गेला. पुढे कलकत्त्याला त्याच्याकडेच रामचंद्र चटर्जी शिकले आणि त्याच वर्षी वर गेले, फुग्यातून उडणारे पहिले भारतीय म्हणून त्यांचं नाव घेतात. हे सगळं तिकीट लावून चालायचं. सर्कस जशी, तसं. (शिवकर बापूजी तळपद्यांचं नाव इथे कुणीतरी काढणारच. तो फुग्याचा विषय नाही आणि पुराव्याचा तर फारच अवघड विषय आहे, त्यावर वेगळं लिहीन.)

आता आपल्या पुण्याकडे येतो, कारण या गोष्टीतला सगळ्यात चांगला भाग पुण्यात घडलाय आणि आपण रोज त्याच्यासमोर सिग्नलला थांबतो.

शिवाजीनगरचा सिमला ऑफिस चौक. निम्म्या पुणेकरांना हे नाव का पडलं ते माहीत नाही. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ ची. मुख्यालय आधी कलकत्ता, १९०५ पासून सिमला, आणि १९२८ मध्ये ते उचलून पुण्यात आणलं. सिमल्याहून आलेलं ऑफिस म्हणून सिमला ऑफिस. १९४४ ला मुख्यालय दिल्लीला गेलं, पण घड्याळाच्या मनोऱ्याची ती दगडी इमारत आणि नाव दोन्ही इथेच राहिलं.

या खात्याचं मोठं काम म्हणजे फुगे सोडणं. त्यात दोन प्रकार. पहिला साधा. रबरी फुग्यात हायड्रोजन भरायचा, सोडायचा आणि थिओडोलाइट नावाच्या दुर्बिणीतून त्याच्यामागे बघत राहायचं. तो कुठल्या कोनात सरकतोय त्यावरून वर वारा कुठून कुठे, किती वेगाने वाहतोय ते काढायचं. रात्री त्याला कागदी कंदील बांधायचे, आत मेणबत्ती. दिवाळीत आपण आकाशकंदील सोडतो तसलाच प्रकार, फक्त खाली एक सरकारी माणूस वहीत आकडे लिहितोय.

दुसरा प्रकार जास्त रंजक. फुग्याला एक छोटं उपकरण बांधायचे. इंग्लंडच्या डाइन्स नावाच्या शास्त्रज्ञाने केलेलं, वजनाला अगदी हलकं. त्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी धातूची पत्री असायची. फुगा वर जाईल तसतसा दाब आणि तापमान बदलायचं, आणि एक सुई त्या पत्रीवर बारीक ओरखडा काढत जायची. हे सगळं बांबूच्या काड्यांच्या सांगाड्यात, पडल्यावर मोडू नये म्हणून. फुगा फुगत फुगत पंधरा-वीस किलोमीटरवर जाऊन फुटायचा आणि उपकरण खाली यायचं. रेडिओ नव्हता. म्हणजे काय तर ती पत्री परत हातात आली तरच तिच्यावरचा ओरखडा सूक्ष्मदर्शकाखाली वाचता येणार. नाही आली तर सगळी मेहनत फुकट.

आणि ती परत कोण आणणार? ज्याच्या रानात पडली तो.

म्हणून उपकरणासोबत चिठ्ठी असायची, सापडलं तर परत करा, बक्षीस मिळेल. सगळी मदार या एका चिठ्ठीवर. विचार करा, १९२०-३० चं दशक. साहेबाच्या सरकारची कसलीशी वस्तू रानात सापडली आहे. हात लावावा की नाही, चौकशी मागे लागेल का, पाटलाकडे न्यावी की ओढ्यात टाकून द्यावी, असे सगळे विचार आले असतील. तरी लोकांनी ती उचलली, जपली, पोचवली. आग्र्याच्या वेधशाळेतून सोडलेल्या फुग्यांची, आणि पुढे पुणे-हैदराबादहून सोडलेल्या फुग्यांची अशी कित्येक उपकरणं परत आली.

त्या ओरखड्यांवर काम केलं कल्पाथी रामनाथन यांनी. पालक्काडचे, सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली तयार झालेले, हवामान खात्यात आले आणि पुण्यात राहिले. १९२९ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी पृथ्वीभोवतीच्या हवेच्या तापमानाचा नकाशा मांडला. सगळ्यात थंड हवा कुठे असेल? आपण म्हणू ध्रुवावर. वरच्या हवेचं उत्तर उलटं निघालं. विषुववृत्ताच्या पट्ट्यावर, सोळा-सतरा किलोमीटर उंचीवर, उणे ८० अंशांच्या आसपासची हवा बसलेली आहे. जमिनीवर सगळ्यात उष्ण असलेल्या प्रदेशाच्या डोक्यावर सगळ्यात गार झाकण. जगातल्या हवामानशास्त्राच्या पुस्तकात गेलेली गोष्ट आहे ही. रामनाथन पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले, पद्मविभूषण मिळालं, सगळं रास्तच. पण त्या नकाशातला प्रत्येक आकडा कुणा ना कुणा गुराख्याच्या, शेतकऱ्याच्या हातातून गेलेला आहे. त्यांची यादी कुठे नाही.

मग रेडिओ आला. पुण्यातच रेडिओसोंड बनवले जाऊ लागले, म्हणजे आकडे वरूनच संदेशाने खाली पाठवणारं यंत्र. १९४८ मध्ये अ‍ॅना मणी पुण्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या, परदेशी उपकरणं मागवण्यापेक्षा इथे बनवायची हा त्यांचा हट्ट, आणि साठच्या दशकात फुग्याला बांधून ओझोन मोजणारं देशी यंत्र त्यांनी उभं केलं. विज्ञान पुढे गेलं. त्याबरोबर एक नातं मात्र तुटलं. आता खाली पडलेलं यंत्र परत आलं नाही तरी चालतं. शेतकऱ्याला विचारायची गरज संपली, तशी बक्षिसाचीही.

पूर्ण संपली असं नाही म्हणा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुग्यांचं केंद्र हैदराबादला आहे. भाभांनी वैश्विक किरणांसाठी सुरू केलेलं हे काम. प्लॅस्टिकचे अवाढव्य फुगे, हायड्रोजन भरलेले, तीस-चाळीस किलोमीटर उंच जातात, वारा नेईल तिकडे. तेलंगण, आंध्र, कर्नाटक आणि आपल्या मराठवाडा-सोलापूर-विदर्भाच्या बाजूला त्यांची उपकरणं पॅराशूटने उतरतात. दर हंगामाआधी ते जिल्हावार जाहीर निवेदन काढतात. लांब दोरीला बांधलेली पेटी सापडेल, उघडू नका, आत जास्त दाबाची वीज असू शकते, पत्ता आणि फोन लिहिलेला आहे, कळवा, कळवायचा खर्च आणि बक्षीस देऊ, छेडछाड केली असेल तर मात्र बक्षीस नाही. भाषा सरकारी आहे, पण त्यात एक सभ्यता आहे. तुमच्या जमिनीवर आमची वस्तू येणार आहे, हे आधी सांगितलंय. गोनेसपासून चालत आलेली पद्धत.

आता हौशी उड्डाणांकडे. गरम हवेचा आजचा फुगा, म्हणजे नायलॉनचं कापड आणि गॅसचा बर्नर, हा तसा नवा आहे. अमेरिकेत एड योस्ट यांनी ऑक्टोबर १९६० मध्ये उडवला तो पहिला. तत्त्व आपल्या चुलीवरच्या धुराचंच. आतली हवा शंभर अंशांच्या आसपास तापवली की ती हलकी होते आणि वर ओढते. सुकाणू नाही, ब्रेक नाही. पायलटच्या हातात फक्त वर आणि खाली. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगळ्या दिशेला असतो, तेवढ्यावर तो कसरत करतो. म्हणून पहाटेच उडतात, ऊन चढून हवेचे भोवरे उठायच्या आत. आणि म्हणूनच कुठे उतरणार हे सुटताना कुणालाच पक्कं माहीत नसतं. पायलट लबाडी करत नाही, त्यालाही माहीत नसतं.

महाराष्ट्रातलं सगळ्यात गाजलेलं उड्डाण २६ नोव्हेंबर २००५ चं. विजयपत सिंघानिया, वय ६७, मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून सकाळी निघाले. बावीस मजली इमारतीएवढा फुगा, खाली हवाबंद अ‍ॅल्युमिनियमची केबिन. २१,०२७ मीटर. स्वीडनच्या पेर लिंडस्ट्रँड यांचा १९८८ चा विक्रम मोडला. त्या दिवशी टीव्हीवर मी हे बघितलंय, अभिमान वाटला होता, आजही वाटतो. वाऱ्याने त्यांना सह्याद्री ओलांडून ईशान्येला नेलं आणि दुपारच्या सुमारास ते सिन्नर तालुक्यातल्या पांचाळे गावाच्या रानात उतरले. पांचाळे हे नाव मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. रेसकोर्स सगळ्यांना आठवतो. सिन्नरच्या पूर्व भागात पाण्याची काय परिस्थिती असते ते ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल, की एरवी कॅमेरे तिथे कशासाठी जातात.

एवढा मोठा फेरा मारून पुन्हा त्या हरभऱ्यावर येतो, कारण बाबांच्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात शोधलं.

१९३४ चा विमान कायदा. त्यातली विमानाची व्याख्या मजेशीर आहे. बांधलेला असो की मोकळा, फुगा हे विमान. पतंग सुद्धा विमान! म्हणजे संक्रांतीला आपण सगळे वैमानिक. याच कायद्याचं कलम १७ सांगतं, की वारा-हवामान बघता वाजवी उंचीवरून कुणाच्या मालमत्तेवरून उडालं, तर निव्वळ त्या कारणाने अतिक्रमणाचा दावा लावता येणार नाही. आता त्या कायद्याच्या जागी २०२४ चा भारतीय वायुयान अधिनियम आलाय, पण हे मूळ तत्त्व जगभर मान्य आहे आणि बरोबरच आहे. नाहीतर पुण्याहून दिल्लीला जाताना हजार सातबारे जोडावे लागले असते. बाबांचं पहिलं वाक्य नेमकं हेच होतं. वरनं जायला ना न्हाय. सातवी शिकलेला माणूस असेल नसेल, कलम १७ त्याला पाठ आहे.

पण उतरण्याचं काय? विमान धावपट्टीवर उतरतं, धावपट्टीची जमीन संपादित झालेली असते, मोबदला (उशिरा का होईना) दिलेला असतो. फुग्याची धावपट्टी म्हणजे ज्याचं त्याचं वावर. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्याचा भर पर्यटकाच्या सुरक्षिततेवर आहे, आणि तो हवाच. २०१३ मध्ये इजिप्तमध्ये लक्झरला फुगा पेटला, १९ पर्यटक गेले, उसाच्या शेतात पडला तो. सुरक्षेत तडजोड नकोच. पण तिकीट काढलेल्या माणसासाठी नियम आणि ज्याच्या बांधावर टोपली आपटली त्याच्यासाठी जीपवाल्या पोराच्या खिशातल्या नोटा, हे काही जमत नाही. त्या पोराचाही दोष नाही, त्याला जेवढं सांगितलंय तेवढं तो करतो.

युरोपात फुगा उतरला की शॅम्पेन फोडायची प्रथा आहे. त्याची दंतकथा अशी सांगतात की जुने उडणारे सोबत बाटली ठेवायचे, चिडलेल्या शेतकऱ्याला शांत करायला. आता शॅम्पेन पर्यटकच पितात. आमच्याही मंडळींना उतरल्यावर कसलंसं पेय आणि प्रमाणपत्र मिळालं. बाबा बांधावर उभे होते.

आणि मावळ म्हणजे नुसता देखावा नाही हो. वडगावच्या संशोधन केंद्राने १९८७ ला दिलेला इंद्रायणी तांदूळ आपण पुणेकर दरवर्षी पोत्याने भरतो, तो याच वावरांतला. वरून जे निळंशार पाणी दिसतं त्या पवना धरणातल्या विस्थापितांचं पुनर्वसन अजून पुरतं मिटलेलं नाही. त्याच पाण्याच्या बंद पाइपलाइनला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ ला एक्स्प्रेस वेवर बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मेले. कामशेतहून ते ठिकाण किती लांब आहे ते नकाशात बघा. इथल्या माणसाला विचारण्याची सवय आपल्या शहराला कधीच नव्हती, फुग्याने ती मोडली असं नाही.

उलट फुगेवाल्यांना ही सवय स्वतःच्या गरजेपोटी लावून घ्यावी लागेल असं मला वाटतं. जीपचा ड्रायव्हर जुना होता, तो सांगत होता की दरवर्षी उतरायला जागा कमी होतायत. इकडे प्लॉटिंगचं कुंपण, तिकडे फार्महाऊसची भिंत, मधून विजेच्या तारा. उतरायला जे रान लागतं, सपाट, मोकळं, तारा नसलेलं, जीप पोचेल असं, ते फक्त जो अजून शेती करतोय त्याच्याकडेच उरलंय. त्याने शेत विकलं तर तिथे कंपाउंड होणार आणि फुगा तिथे उतरणार नाही. म्हणजे धंदा कुणाच्या जिवावर आहे?

फार मोठं काही लागत नाही. हंगाम सुरू व्हायच्या आधी, दिवाळीच्या सुमारास, त्या पट्ट्यातल्या ग्रामपंचायतींत एक मराठी कागद लावा. कधी ते कधी उडणार, फोन कुणाला करायचा, वावरात उतरलो तर ठरलेली रक्कम किती, पीक उभं असेल तर किती, बांध फुटला तर तो कोण घालणार. ज्यांना चालेल त्यांची नावं आधी घ्या, त्यांना हंगामाचे पैसे द्या, पायलटला नकाशात ती रानं दाखवा. तिकिटात शंभर-दोनशे रुपये वाढले तर पाच आकडी तिकीट काढणाऱ्याला कळणार पण नाही. मावळातले पंचायत सदस्य, तलाठी, पर्यटनवाले कुणी हे वाचत असतील तर मसुदा मी लिहून देतो, फुकट.

परवा भाताला म्हणून कामशेतला गेलो तेव्हा वाट वाकडी करून त्या वावराशी थांबलो. बाबा नव्हते, सूनबाई होत्या. हरभरा खरंच पुन्हा फुटला होता, म्हणाल्या, घाटे जरा कमी धरलेत एवढंच. बांध त्यांनीच घातला.

"अजून येतो का फुगा?" विचारलं.

"येतो की. पोरं टाटा करत्यात."